जिऱ्याच्या पुडीतली पाचवी कथा

माझ्या बायकोने ऑपरेशनच्या कागदावर सही करायला नकार दिला आणि कारण असं सांगितलं, की तिच्या अजून तीन कथा वाचायच्या राहिल्यात. मी ते कारण खरं मानलं. माझ्या गाढवपणाचा साठा मोठा आहे, स्वतःच्या लग्नात अंतरपाट दूर व्हायच्या आधीच हार घालून मोकळा झालो तिथपासूनचा. पण त्या साठ्यातला सगळ्यात वजनदार नग हाच.

एकोणीसशे साठचं दशक निम्मं सरलं होतं. पुण्याहून येऊन मी बंगलोरच्या एका सरकारी कारखान्यात तपासणी विभागात लागलो होतो. दिवसभर एकच काम: समोर यादी, हातात मायक्रोमीटर, एकेक सुटा भाग मोजायचा आणि यादीतल्या त्याच्या ओळीपुढे खूण करायची. पास किंवा नापास, तिसरं काही नाही. या कामाने माणसाला एक सवय जडते. कुणीही यादी हातात दिली, की ती का दिली हे न विचारता तो खुणा करत सुटतो.

लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच तिला संध्याकाळचा बारीक ताप यायला लागला. मग खोकला, मग रुमालावर लाल ठिपका. गावाबाहेर निलगिरीच्या झाडांत क्षयरोग्यांचं इस्पितळ होतं, तिथे तिला ठेवलं. लांबच लांब व्हरांडे, त्यात ओळीने खाटा, आणि भेटायची वेळ रविवारी चार ते पाच. चौदा महिने रोजची सुई आणि मूठमूठ गोळ्या झाल्या. उजवं फुफ्फुस स्वच्छ राहिलं, पण डाव्या बाजूची जखम काही मिटेना.

डॉक्टर सरळ माणूस होता. म्हणाला, "डाव्या फुफ्फुसाचा वरचा भाग काढून टाकावा लागेल. उजवं आज चांगलं आहे, म्हणून हे बोलतोय. उद्या रोग तिकडे गेला तर माझ्या हातात काही उरणार नाही. महिना घ्या, सव्वा महिना घ्या. त्यापुढे नको." आणि त्याने एक कागद दिला. खाली दोन रेघा, एक रोग्याच्या सहीची, एक नवऱ्याच्या.

कागद घेऊन मी व्हरांड्यात गेलो. तिने तो वाचला, घडी केली आणि मला परत दिला.

"करीन की सही. पण आधी त्या उरलेल्या तीन गोष्टी आणा."

"कुठल्या तीन?"

तिने उशीखालून एक अमेरिकन मासिक काढलं. हे मासिक तिच्या शेजारच्या खाटेवरच्या बाईचं. ती कॅन्टोन्मेंटमधल्या एका शाळेत शिकवणारी अँग्लो-इंडियन बाई होती, आणि तिचा भाऊ परदेशातून तिला असली मासिकं धाडायचा. परग्रह, राक्षस, जादू, यंत्रमानव, सगळं त्यात. माझी बायको इंटर झालेली, तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं. दोघींनी मिळून गठ्ठेच्या गठ्ठे संपवले होते. या अंकात त्या वर्षीच्या पारितोषिकासाठी नामांकन मिळालेल्या पाच लघुकथांची यादी होती, कुठली कथा कुठल्या मासिकाच्या कुठल्या अंकात आली त्यासकट. पाचांपैकी दोन त्यांच्याकडे होत्या, त्या वाचून झाल्या. बाकीच्या तीन शोधून वाचायच्या, मग दोघींनी आपापलं मत द्यायचं, असं ठरलं होतं. पावसाळ्यात त्या बाईचं ऑपरेशन झालं. हेच, असंच. ती परत आली नाही. संध्याकाळपर्यंत खाटेवर नवी चादर होती.

हे सगळं मला ठाऊक होतं, बरं का. चादर मी डोळ्यांनी पाहिली होती. तरीही बायकोने यादी पुढे केली तेव्हा मला त्यात काय दिसलं? पाच ओळी. दोन पास, तीन बाकी.

मी ती यादी एका कागदावर उतरवून घेतली आणि कामाला लागलो.

अव्हेन्यू रोडच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे तिसरी कथा दुसऱ्या आठवड्यातच मिळाली. तिच्यात एका देशातले लोक आपापल्या सावल्या सरकारजमा करतात आणि उन्हात जायला परवाना काढतात. चौथी एका गोऱ्या कुटुंबाने मायदेशी जाताना विकलेल्या सामानात सापडली. त्यात तीन हजार वर्षांची एक आजी असते, तिला कंटाळा कसा येऊ द्यायचा हे पणतवंडं नव्याने शिकवतात. इस्पितळाचा नियम असा, की रोग्यांना दिलेलं पुस्तक-मासिक पुन्हा बाहेर यायचं नाही. वाचून झालं की जाळायचं. म्हणून मी प्रत्येक कथा आधी बसमध्ये उभ्या उभ्या वाचून घ्यायचो आणि रविवारी मासिक तिच्या हवाली करायचो. पुढच्या रविवारी खाटेपासून चार हात लांब स्टूल टाकून आमची चर्चा.

माझी चर्चा म्हणजे काय असणार! आधीच्या दोनांपैकी एका कथेत एक मेकॅनिक कुठल्याशा चंद्रावर एकटाच दिव्याचा मनोरा सांभाळत असतो. ती कथा तिने मला तोंडी सांगितली.

मी म्हटलं, "पण त्याच्या बोल्टला गंज कसा चढेल? तिथे हवाच नाही."

"अहो, तुम्ही गोष्ट ऐकायला आलात की बोल्ट मोजायला?"

"चूक ती चूक."

"तो माणूस अकरा वर्षं कुणाची तरी वाट बघतोय, ते नाही दिसलं. गंज दिसला!"

मी हसलो. ती हसली नाही. एकीकडे दर रविवारी ती थोडी आणखी वाळलेली दिसायची, आणि मी मात्र खिशातली यादी काढून तिच्यासमोर ऐटीत खूण करायचो. "आता एकच राहिली!" मी असं म्हटलं तेव्हा ती एकदम दुसरीकडे बघायला लागली. मला वाटलं, आनंद झाला.

पाचवी कथा मात्र मिळेना. तिचं नाव मराठीत सांगायचं तर 'निळ्या मातीचा माळी'. एकदोन वाचनालयं पालथी घातली. कारखान्यात दोन परदेशी तज्ज्ञ होते, त्यांच्या बंगल्यावर जाऊन विचारून आलो. त्यातल्या एकाच्या बायकोने मला बागकामाचं पुस्तक काढून दिलं. चार आठवडे संपले. मी जेवताना यादी बघायचो, मायक्रोमीटर हातात धरून यादी बघायचो. एक अख्खी पेटी बेअरिंग मी नापास ऐवजी पास केली आणि साहेबांच्या शिव्या खाल्ल्या.

शेवटी चिकपेटच्या एका रद्दीवाल्याकडे तो अंक सापडला. मुखपृष्ठ शाबूत, अनुक्रमणिका शाबूत, तीत लिहिलेलं: माळ्याची कथा, पान त्र्याहत्तर. मी त्र्याहत्तरावं पान उघडायला गेलो तर बहात्तरनंतर एकदम एकोणनव्वद.

"मधली पानं?" मी विचारलं. माझं कन्नड चार शब्दांचं होतं, बाकी हातवारे.

"चित्र नाही त्यात, सार," तो हिंदीत म्हणाला. "चित्र नसलेली पानं किराणावाले नेतात. पुड्या बांधायला."

"कुठले किराणावाले?"

त्याने समोरच्या गल्लीकडे हात केला. त्या गल्लीत मसाल्याची निदान पंधरा दुकानं होती.

आता शहाणा माणूस इथे थांबला असता. मी पहिल्या दुकानात गेलो आणि म्हटलं, "जीरिगे, स्वल्प." थोडं जिरं. दुकानदाराने कन्नड वर्तमानपत्राच्या कागदात बांधून दिलं. दुसऱ्या दुकानात पुन्हा जीरिगे, स्वल्प. तिथे शाळेच्या वहीचं पान. तिसऱ्यात मी काउंटरवरून वाकून कागदाचा गठ्ठा बघायला लागलो, तेव्हा त्या मालकाने मोडक्या हिंदीत विचारलं, "काय हवंय? सरकारी माणूस आहात काय?" मी म्हटलं, "नाही, जिरं हवंय." "मग गठ्ठा कशाला बघता?" "त्यात बांधून द्या." "कशात?" मला काही सांगता येईना. माझ्या बायकोचं फुफ्फुस तुमच्या पुडीच्या कागदात अडकलंय, हे चार शब्दांच्या कन्नडात आणि मोडक्या हिंदीत कसं सांगायचं?

अकराव्या दुकानात मिळालं. एकच पान, एकोणऐंशी-ऐंशी, तेलाचा डाग पडलेलं. बाकीची पानं कुणाकुणाच्या घरी हळदीबरोबर गेली होती.

मी दोन्ही खिशांतून पुड्या काढून घरमालकीणबाईंच्या ओट्यावर ओतल्या. त्यांना सगळे अक्का म्हणत. त्यांचं घराणं शहाजीराजांच्या वेळेपासून इकडे, मराठी अशी की निम्मं कन्नड. बायको इस्पितळात गेल्यापासून माझं जेवण त्याच बघत.

"काय ओ अण्णा, जिऱ्याचं लग्न काढलात काय?"

"एक कागद शोधत होतो, अक्का."

"सिक्कला काय?"

म्हणजे मिळाला का. मी पान दाखवलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी पान उलटसुलट केलं, वास घेतला आणि म्हणाल्या, "ती पोर काय म्हणते? सही कधी करते?"

"ही गोष्ट पुरी झाली की."

अक्कांनी पान मला परत दिलं. "सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणाल्या आणि जिरं डब्यात भरायला लागल्या.

त्या एका पानावर काय होतं, ते मला अजून पाठ आहे. माळी निळी माती नखांनी उकरतो. काही उगवत नाही, हे त्याला माहीत आहे. मग तो मातीला कान लावतो, आणि खूप खोलवरून त्याला आवाज येतो: खालून कुणीतरी त्याच्या दिशेने खणत येतंय. तिथे पान संपलं.

त्याच आठवड्यात डॉक्टरने निरोप धाडून मला बोलावलं. "काय ठरलं तुमचं?"

"डॉक्टर, एक कथा राहिली आहे."

तो माझ्याकडे असा बघायला लागला, की आता मलाही खाट देतो की काय. मग त्याने क्ष-किरणाचा फोटो दिव्यासमोर धरला. "नवा काढलाय. उजवीकडे इथे पुसट काहीतरी वाटतंय. वाटतंय म्हणतो, आहे म्हणत नाही. या रविवारपर्यंत सही आली तर बुधवारी मी करतो. नाही आली तर जागा दुसऱ्याला देईन. रांग आहे."

मी सायकल हातात धरून चालत कारखान्यात गेलो. चढायचं सुचलं नाही.

आणि मग मी ती कथा स्वतः लिहिली. दुपारच्या सुट्टीत, तीन दिवस, ऑफिसच्या टंकयंत्रावर, इंग्रजीत. मी जन्मात तपासणीच्या अहवालाशिवाय काही लिहिलेलं नव्हतं. खालून खणत येणारा कोण असावा? मी खूप विचार केला आणि तो एक डॉक्टर निघाला. पाच हातांचा. माळी आजारी असतो, हा पाच हातांचा डॉक्टर वर येतो, तिसऱ्याच परिच्छेदात त्याचं ऑपरेशन करतो, ते उत्तम होतं, निळ्या मातीत फुलं येतात आणि त्या ग्रहाचा राजा डॉक्टरचे आभार मानतो. दहा कागद झाले. मध्ये ते तेलकट अस्सल पान टाचलं आणि बाकीचं एका वाचनालयातल्या अंकातून उतरवून आणलं, असं सांगायचं ठरवलं. मला, खोटं कशाला बोलू, ती जमलीय असं वाटत होतं. हिलाच पारितोषिक मिळेल, असासुद्धा एक विचार येऊन गेला.

रविवारी तिने ती माझ्यासमोरच वाचली. पहिली दोन पानं गंभीर चेहऱ्याने. अस्सल पानाशी ती खूप वेळ थांबली, दोनदा वाचलं. मग पुढचं. मग ती हसायला लागली. कित्येक महिन्यांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता खोकला आला, तोंडाशी रुमाल गेला, नर्स उठून उभी राहिली. मग ते थांबलं.

"हे एक पान खरं आहे," ती म्हणाली.

"सगळंच खरं आहे. मी उतरवून…"

"अहो, परग्रहावरचा राजा म्हणतो, 'कृपया योग्य ती कार्यवाही व्हावी'. आणि फुलं 'तपासणीअंती निर्दोष आढळली'. हिला नामांकन कुणी दिलं, तुमच्या फोरमनने?"

मी हात पुढे करून कागद परत मागितले.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं हो शोधायला?"

"कुणी म्हणजे? तूच."

"मी सांगितलं होतं!" तिचा आवाज चढला, शेजारच्या खाटांवरून माना वळल्या. "ती बाई सहा महिने शोधत होती. भावाला चार पत्रं घातली. नाही मिळाली. म्हणून तर सांगितलं. मला वाटलं, मिळणार नाही. मी इथेच पडून राहीन, या खाटेवर. खोकत असेन, पण असेन तरी!"

नर्सने तोंडावर बोट ठेवून खूण केली, पण ती थांबली नाही.

"आणि तुम्ही यायचे दर रविवारी घाम पुसत. तिसरी मिळाली! चौथी मिळाली! खिशातून यादी काढून खुणा काय करायचे! मला वाटायचं, या माणसाला मला टेबलावर चढवायची किती घाई झाली आहे."

मला त्या स्टुलावर बसवेना, उठवेनाही. मी सांगायचा प्रयत्न केला. घाई नव्हती, शोधत राहिलं की घरी जाऊन बसावं लागत नव्हतं. तुझी साडी अजून दांडीवर आहे तशीच आहे. अकरा दुकानांत जिरं घेत होतो तेवढा वेळ मला काही वाटत नव्हतं. हे सगळं मी नीट सांगितलं नाही. 'जिरं' आणि 'साडी' एवढंच बहुधा तिला कळलं असेल.

"कागद आणलाय?" तिने विचारलं.

मी वरच्या खिशातून तो काढला. घड्या झिजल्या होत्या. तिने उलगडला, आणि बघतच राहिली.

"तुमची सही कुठाय?"

मी खिशातलं पेन चाचपलं.

"पाच आठवडे खिशात घेऊन फिरताय. माझ्यामागे लागलात. आणि स्वतःची रेघ कोरी?"

"तू केलीस की करणार होतो."

"म्हणजे काही झालं तर माझ्या सहीने झालं."

रोज रात्री झोपायच्या आधी मी पेन उघडायचो आणि बंद करायचो, हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. स्वतःलासुद्धा नाही.

"भीती वाटते?" तिने विचारलं. आवाज उतरला होता.

"हो."

"किती?"

"मोजता येत नाही."

"मग आधी बोलायचं होतं. मी इथे एकटीच घाबरतेय असं समजत होते." तिने कागद माझ्याकडे सरकवला. "आधी तुम्ही करा."

इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजणारा माझा हात. ती सही रेघेखाली घसरली आणि शेवटचं अक्षर कागदाच्या कडेबाहेर गेलं. तिने तिची केली, शाळेतल्या मुलीसारखी, गोल आणि स्वच्छ.

बुधवारी सकाळी तिला आत नेलं. मी निलगिरीखालच्या बाकावर बसलो. अक्का आल्या होत्या, डब्यात चित्रान्न, लिंबू पिळलेला फोडणीचा भात, घेऊन. ते मी खाल्लं नाही, त्यांनीही खाल्लं नाही. पाच तास गेले. त्या वेळात मी यादी केली नाही, काही मोजलं नाही, फक्त ज्या दारातून तिला नेलं ते दार बघत होतो आणि शेजारणीची नवी चादर डोळ्यांपुढून हलत नव्हती. अक्कांनी एकदाच माझा हात धरला, म्हणाल्या, "स्वल्प तडी अण्णा, स्वल्प," म्हणजे जरा थांबा, आणि तो सोडलाच नाही.

डॉक्टर बाहेर आला. "टेबलावरून उतरली. एवढंच म्हणतो. आठ दिवस जाऊ देत."

त्याच रात्री तिला ताप चढला. दुसऱ्या दिवशी वाढला. सहा दिवस मला काचेतून बघू देत, एवढंच. काचेपलीकडे नळ्या, बाटल्या आणि उशीवर एक लहानसा चेहरा, जो माझ्या बायकोचा आहे असं मला सांगण्यात आलं होतं. मी कारखान्यात गेलो नाही. काचेला कपाळ लावून उभा राहायचो. नर्स येऊन माझ्या कपाळाचा डाग पुसायची आणि मी पुन्हा लावायचो. ती मेली तर माझ्या सहीने मेली, हे आता अगदी स्पष्ट होतं, आणि त्यात मला लपायला जागा नव्हती.

घरी यायला तिला पुढे आणखी पाच महिने लागले. पण ती येणार आहे हे तेव्हा कुणाला माहीत होतं! सातव्या दिवशी ताप थोडा खाली आला तेव्हा डॉक्टरने मला तोंडाला फडकं बांधून पाच मिनिटं आत सोडलं. कागद न्यायला मनाई. मासिक नाही, चिठ्ठी नाही, काही नाही. माझे हात मोकळे, आणि ते कुठे ठेवायचे ते मला कळेना.

तिने डोळे उघडले. बोलायची तिला बंदी होती. मी म्हटलं, "परसातला नळ गळत होता ना, तो काल दुरुस्त केला." हे खोटं नव्हतं, काल नव्हे, पण केला होता. ती बघत राहिली. मी म्हटलं, "म्हणजे आधी मी स्वतः करायला गेलो आणि तो मोडला." तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं. "मग पाणी अक्कांच्या स्वयंपाकघरात शिरलं."

मी थांबलो. नर्सने घड्याळाकडे बघितलं.

बायकोचे ओठ हलले. आवाज असा नव्हताच, नुसता श्वास. मी वाकलो.

"मग?" ती म्हणाली.

मग काय झालं ते मला आठवेना. मी फडक्याच्या आत रडत होतो, आणि जे सुचेल ते सांगत सुटलो.